इसब, आंब्याचा चीक आणि दमट हवा

इसब (एक्झिमा), म्हणजे कातडीला खाज, चट्टे आणि भेगा आणणारा विकार, असलेल्यांना सौम्य साबणाचा आणि आंघोळीनंतर खोबरेल तेल लावण्याचा सल्ला दिला जातो. तो योग्यच आहे; मात्र त्यात किनारपट्टीवरच्या दोन गोष्टींची भर घालावीशी वाटते. आंबा, काजू आणि बिब्बा ही एकाच कुळातील झाडे असून आंब्याच्या देठाचा चीक आणि काजूच्या टरफलातील तेल यांनी निरोगी कातडीही भाजते, मग इसबाने आधीच भेगाळलेल्या हातांचे काय होत असेल! माझ्या बहिणीचे इसब रत्नागिरीला आंबे उतरवण्याच्या दिवसांतच, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत, उफाळून येत असे, आणि आम्ही कित्येक वर्षे मासळीला दोष देऊन तिचे बांगडे बंद करत राहिलो, याचे आजही वाईट वाटते. आता ती आत सुती आणि वर रबरी हातमोजे घालूनच आंब्यांना हात लावते. दुसरी गोष्ट घामाची. दमट हवेत तो लवकर वाळत नाही आणि खाज वाढवतो, म्हणून साध्या पाण्याने अंग धुवावे, न घासता टिपावे आणि ते किंचित ओलसर असतानाच त्वचा मऊ ठेवणारे मलम लावावे. समुद्रस्नानानंतरही हेच करावे. चट्ट्यांत पू झाला किंवा ताप आला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.