उत्तर: पुण्यात बसून जळगावच्या फ्लॅटचा दुरुस्तीखर्च कसा काढायचा?

ठेकेदाराने सांगितलेला ठोक आकडा घेऊ नका, आधी मापं मागवा. व्हिडिओ कॉलवर टेप लावायला सांगा. ५ बाय ७ फुटांच्या बाथरूमला ७ फूट उंच टाइल्स लावायच्या तर भिंती १६८ चौ. फूट; दाराचे १७-१८ वजा करून फरशीचे ३५ मिळवले की सुमारे १८५. तुटफूट १० टक्के धरून २०५ चौ. फूट मागवा. जुनी फरशी फोडणं आणि मलबा उचलणं यांचे दर वेगळे लिहून घ्या, वाद नेहमी तिथेच होतो.

फ्लॅट वरच्या मजल्यावर असेल तर गच्ची आधी, रंग नंतर. आपल्या जळगावच्या उन्हात स्लॅब आणि पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) सांध्याला भेगा पडतात. तिथून पाणी झिरपत असेल तर पुट्टी पहिल्याच पावसाळ्यात सुटते. प्लास्टरवर नाण्याने ठोकून आवाज ऐकवायला सांगा. पोकळ वाजलं की तेवढं फोडायचंच.

बोअरचं पाणी जड असेल तर जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपात क्षार साचतात. नळाची धार बारीक दिसली तर टाइल्सच्या आधीच पाइप बदला. वॉटरप्रूफिंगनंतर २४ तास पाणी तुंबवून खालच्या छताचा फोटो मागवा, मगच पुढचा हप्ता.

मजुरी आणि माल वेगळे लिहून घ्या. वर १५ टक्के राखीव ठेवा. जुन्या वायरिंगला तेही कमी पडू शकतात.