पाण्याची बाटली कुठे ठेवलीय ते पाहा

ऑफिसातल्या कर्मचाऱ्यांना आहाराचं ज्ञान नाही म्हणून व्याख्यानं ठेवा, असं एक मत मांडलं जातं. ते मला पटलं नाही. अमेरिकेत बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचं कॅन्टीन बघा. तिथे जेवणाऱ्यांत रुग्णालयाचेच पुष्कळ कर्मचारी. त्यांना कोण काय शिकवणार? २०१० मध्ये तिथे पदार्थांवर सिग्नलसारख्या हिरव्या, पिवळ्या, लाल खुणा लावल्या: हिरवी म्हणजे तब्येतीला चांगलं, लाल म्हणजे वाईट. लाल खुणेच्या पेयांची विक्री १६.५ टक्क्यांनी घटली. मग नुसती मांडणी बदलली: पाण्याच्या बाटल्या डोळ्यांसमोर आणल्या, शिवाय जेवणाच्या काउंटरांजवळ टोपल्यांत ठेवल्या. लाल पेयं आणखी ११.४ टक्क्यांनी उतरली, बाटलीबंद पाण्याचा खप २५.८ टक्क्यांनी वाढला. बंदी नाही, दंड नाही!

उलट अमेरिकेतल्याच इलिनॉय विद्यापीठात सुमारे पाच हजार कर्मचाऱ्यांवर झालेल्या, तब्येत सुधारण्याच्या कार्यक्रमाच्या प्रयोगात तपासण्या, वर्ग, बक्षिसाचे पैसे असं सगळं होतं, तरी वैद्यकीय खर्चात ठळक फरक पडला नाही. मुळात तब्येत सांभाळणारेच त्यात जास्त आले.

आमच्याकडे मीटिंगचा चहा साखर घालूनच येतो. साखर वेगळी ठेवा, एवढीच मागणी मी केली आहे.