तरवडाचं बी उगवत नाही, उपटून आणलेली रोपं वाळतात

प्रश्न – मुरमाड
सोलापूरजवळ प्लॉटच्या कडेला साठ फूट तारेच्या कुंपणालगत तरवड (माळावरचं पिवळ्या फुलांचं झुडूप) लावायचा आहे. जमीन मुरमाड, दगड बराच. माळावरून गोळा केलेलं बी पेरून महिना होत आला, एकही कोंब नाही. कमरेएवढी झाडं मुळासकट आणून लावली तर पानं गळून काटक्या उरल्या. कुंडीतलं एक रोप जगलंय, पण खालून पिवळं पडतंय. खत कमी पडतंय का?

बांधावरची
खत विसरा. कुंडीत पाणी जास्त होतंय. माती बोटभर खोलवर कोरडी झाल्याशिवाय पाणी द्यायचं नाही, आणि कुंडीखालची ताटली आधी काढा. मिश्रणात निम्मा बारीक मुरूम किंवा जाड वाळू, बाकी साधी माती, मूठभर कुजलेलं शेणखत. कोकोपीट नको, ते ओल धरून ठेवतं आणि मुळं कुजतात.

मोठी झाडं उपटून आणू नका. सोटमूळ खोल गेलेलं असतं, खणताना ते तुटतंच आणि वरचा पसारा तगवायला खाली काही उरत नाही. माळावरचं झाडही उगाच जातं.

सोटमूळ
बियाबद्दल. कवच इतकं टणक असतं की पाणी आतच शिरत नाही. शेंगा तपकिरी, कागदासारख्या झाल्या की तोडा. बी पाण्यात टाका, तरंगणारं फेकून द्या. बारीक गोल भोक दिसलं तर आतला गर भुंगेऱ्याने खाल्लेला आहे.

मग पाणी उकळून गॅस बंद करा, पाचेक मिनिटं थांबा आणि बी त्यात टाका. बियाच्या पाचपट तरी पाणी हवं. रात्रभर तसंच राहू द्या. खळखळत्या पाण्यात बी शिजवायचं नाही, गर्भ मरतो. सकाळी जे फुगलंय तेच पेरा. न फुगलेलं काचकागदावर एका बाजूने घासा, आतला फिका रंग दिसला की थांबा, पुन्हा भिजवा. ज्या टोकाला बी शेंगेला चिकटलेलं असतं ते घासू नका, कोंब तिथूनच निघतो.

पेरणी अर्धा ते एक सेंमी खोल. रोपाची पिशवी उंच घ्या, पाच बाय आठ इंचांची. एप्रिल-मेमध्ये पेरलं तर पाऊस स्थिरावल्यावर रोप जागेवर जातं. पिशवीच्या भोकातून मूळ बाहेर आलं म्हणजे उशीर झाला.

बांधावरची
साठ फुटांना पिशव्या कशाला? दोन चांगले पाऊस झाले की जागेवरच टोकणी करा. तीन-तीन फुटांवर फूटभर खड्डा, निघालेलाच मुरूम-माती परत भरा, तीन-चार दाणे टाका, पुढे सगळ्यांत जोमदार एक ठेवा. सोटमूळ न वळता सरळ खाली जातं, त्यामुळे ही झाडं पुढे उन्हाळा जास्त सोसतात. पहिल्या उन्हाळ्यात दहा-पंधरा दिवसांनी खोल पाणी, नंतर गरज नाही.

सोटमूळ
पटलं. मात्र पहिल्या पावसाळ्यात गवत काढत राहावं लागेल, नाहीतर वीतभर रोप त्यात गुदमरतं. पिशवीतल्या रोपाला तेवढा फायदा आहेच.

मुरमाड
शेळ्या येतात. खातील का? आणि छाटणी कधी?

पानोपानी
गुरं-शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, म्हणूनच चराईच्या माळावर तो टिकलेला दिसतो. कोवळी रोपं तुडवली जातात, तेवढ्यापुरत्या बोरीच्या फांद्या टाका.

छाटणी मेअखेर. शेंडे एक तृतीयांश कापा. फुलं नव्या फुटीच्या टोकाला येतात, त्यामुळे ऑगस्टनंतर कात्री लावली तर बहर गेला. बुडातून काठ्या दिसायला लागलेलं जुनं झाड गुडघ्याएवढं कापलं तरी फुटतं, पण ते पावसाच्या तोंडावरच. आणि जागा दिवसभर उन्हाची हवी. सावलीत फांद्या लांबतात, फुलं नावाला.

पानं कुरतडलेली दिसली तर फवारणी करू नका. हिरव्या लांबट अळ्या बहुतेक फिक्या पांढुरक्या-पिवळ्या फुलपाखरांच्या असतात. झाड पुन्हा फुटतं. शेंगा हव्या असतील तर काळ्या भुंग्यांनाही जपा. या फुलात मध नसतो. भुंगा फुलाला धरून गुणगुणतो, त्या थरथरीनेच परागकोशाच्या टोकाच्या छिद्रातून पराग झडतात.

शेवटचं: बी तरवडाचंच आहे ना, हे रोपावर तपासा. देठाच्या बुडाशी कानाच्या पाळीसारखी दोन रुंद पानं असतात आणि ती गळत नाहीत. टाकळ्याला (तरवडाच्याच जातकुळीतलं पावसाळी तण) ती नसतात, शिवाय त्याच्या पानाला पर्णिकांच्या, म्हणजे एका पानातल्या छोट्या पानांच्या, तीनच जोड्या. तरवडाला आठ-बारा.