इंडी ५०० च्या गाड्या उलट्या फिरल्या की हवेत का उडतात?

उजळाईवाडी_एक्स्प्रेस
नमस्कार मंडळी. पुतण्या मोहितेंच्या ट्रॅकवर कार्टिंग शिकतोय त्यामुळं आमच्यात रेसचं वेड लय वाढलंय, आत्ता आम्ही दोघं इंडी ५०० च्या, म्हणजे अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या रेसच्या, जुन्या क्लिपा बघत बसलोय. २०१५ च्या प्रॅक्टिसमध्ये आधी कॅस्ट्रोनेव्हेस, दुसऱ्या दिवशी न्यूगार्डन आणि मग रविवारी क्वालिफायिंगच्या (रेसमधली जागा ठरवायच्या) दिवशी एड कार्पेंटर, तिघाही ड्रायव्हरांचं सेम. भिंतीला धडक, गाडीचं तोंड मागं, आणि मग गाडी कागदासारखी उचलून पालथी. आता ही गाडी तर हवेनं जमिनीला दाबून धरायला बनवलेली ना? मग तीच हवा तिला उचलती कशी? आणि एवढं धोक्याचं आहे तर सरळ स्पीड कमी का करत नाहीत, हा प्रश्न वहिनींचा आहे आणि मला उत्तर देता आलं नाही.

पॅटर्नशॉप_उद्यमनगर
भावा प्रश्न एकदम बरोबर जागी विचारलायस. गाडी दाबली जाते ती हवा पुढनं येते तेव्हाच. पुढचा विंग, मागचा विंग, खालचा फ्लोअर, सगळ्याचे आकार एकाच दिशेच्या हवेसाठी केलेले असतात. फ्लोअर पुढं जमिनीलगत आणि मागं वर उघडत जातो (त्या भागाला डिफ्यूझर म्हणतात), त्यामुळं खालनं हवा जोरात पळते, तिथला दाब कमी होतो आणि गाडी खाली ओढली जाते. आता तीच गाडी १८० अंशात फिरव. डिफ्यूझरचं ते मोठं तोंड आता वाऱ्याकडं, हवा त्यातनं गाडीखाली शिरते आणि अडकते, विंगही उलटा झालेला. मागची बाजू एकदा जराशी उचलली की पोटाचा सगळा भाग वाऱ्यापुढं येतो आणि तिथनं पुढं काही हातात राहत नाही. हायवेवर बाईकवर मागं बसून प्लायवूडचा शीट आडवा धरून नेलाय का कधी, कड जरा वर झाली की शीट हातात थांबत नाही, तसंच.

आणि हा जोर स्पीडच्या वर्गानं वाढतो. ३२० चे ३५० केले तर स्पीड ९-१० टक्क्यांनी वाढलं वाटतं, पण हवेचा जोर जवळपास २० टक्के वाढतो. रोड कोर्सवर, म्हणजे डावी-उजवी वळणं असलेल्या ट्रॅकवर, गाडी फिरली तर खडी असते, मोकळी जागा असते, स्पीड मरतो. ओव्हलवर, म्हणजे लंबगोल ट्रॅकवर, भिंत लगेच बाजूला आणि गाडी फुल स्पीडमध्येच उलटी होते. २०१५ ला एरो किट, म्हणजे विंग आणि बॉडीचे भाग, नवीन होते. कार्पेंटर उडाल्यावर त्याच दिवशी ही सिरीज चालवणाऱ्या इंडीकारनं बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, कमी केला आणि रेसच्याच सेटअपमध्ये क्वालिफाय करायला लावलं. पुढच्या वर्षी फ्लोअरखाली घुमटासारखी स्किड प्लेट आली आणि मागं फ्लॅप आले जे गाडी उलटी फिरली की आपोआप उभे राहतात.

स्नेहल_कागल
वरचं सगळं पटलं, मी कॉलेजच्या फॉर्म्युला टीममध्ये एरोवरच काम करते. पण वहिनींचा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो कारण त्याचं उत्तर नुसतं "स्पीड कमी करा" असं नाहीये.

१९८७ ला अमेरिकेतल्या टॅलाडेगा ओव्हलवर नॅसकारच्या, म्हणजे छत असलेल्या स्टॉक कारच्या, रेसमध्ये बॉबी ॲलिसनचा टायर फुटला, गाडी उलटी होऊन उडाली आणि प्रेक्षकांसमोरची जाळी फाडून परत ट्रॅकवर आली. त्यानंतर नॅसकारनं १९८८ पासून तिथं आणि डेटोनाला रेस्ट्रिक्टर प्लेट लावल्या म्हणजे इंजिनला हवा कमी, ताकद कमी. स्पीड उतरलं हो, पण आता सगळ्यांची ताकद सारखीच कमी आणि बँकिंग, म्हणजे वळणावर ट्रॅकचा आतला उतार, एवढं तीव्र की कुणालाच ॲक्सिलरेटरवरनं पाय उचलावा लागत नाही, त्यामुळं तीस-चाळीस गाड्यांचा एकच घोळका, एकजण घसरला की मागचे दहा-पंधरा त्याच्यात. नंतर १९९४ मध्ये छतावर रूफ फ्लॅप आले, गाडी मागं फिरली की छतावरच्या कमी दाबानं ते स्वतःच उघडतात आणि लिफ्ट (वर उचलणारा जोर) मोडतात. माझ्या मते हा या सगळ्यातला सगळ्यात सुंदर शोध, ना मोटर ना सेन्सर. पण पुरेसा नाही. २०२४ ला मिशिगनला कोरी लाजॉयची गाडी उडाली म्हणून डेटोनासाठी उजव्या बाजूला जादा पट्टी बसवली, आणि त्याच डेटोनाला जॉश बेरीची गाडी पालथी झाली.

घोळक्याचं सगळ्यात वाईट उदाहरण लास वेगास, १६ ऑक्टोबर २०११. दीड मैलाचा ओव्हल, २० अंश बँकिंग, ३४ इंडीकार, सगळे फुल थ्रॉटल. अकराव्या लॅपला १५ गाड्या एकमेकांत गेल्या आणि डॅन व्हेल्डन गेला. त्याच वर्षीचा इंडी ५०० विजेता होता तो. म्हणून नुसती ताकद कमी करून डाउनफोर्स, म्हणजे गाडीला दाबणारा हवेचा जोर, तसाच ठेवणं हे मला धोक्याचं वाटतं. डाउनफोर्स कमी करा, म्हणजे वळणावर ड्रायव्हरला पाय उचलावाच लागेल, गाड्या आपोआप लांब लांब होतील आणि वळणातलं स्पीडही उतरेल.

उजळाईवाडी_एक्स्प्रेस
स्नेहल ताई हे कुणीच असं सांगितलं नव्हतं. वहिनींना वाचून दाखवलं. त्यांचा पुढचा प्रश्न आलाच, उडाली तरी आत रोल केज वगैरे असतंय की, मग व्हेल्डन कसा गेला?

बावड्याचा_बाळू
जाळीमुळं. लोक भिंतीबद्दल लय बोलतात पण जाळीबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहितोय. भिंतीचा प्रश्न बऱ्यापैकी सुटला, २००२ पासून सेफर बॅरियर आहे, चौकोनी स्टीलच्या नळ्या आणि मागं फोम, धडकेचा जोर ती भिंत खाते. पण उडालेली गाडी त्याच्या वरनं जाते आणि वर आहेत लोखंडी खांब, त्यांना बांधलेली जाळी. व्हेल्डनचं डोकं खांबावर आदळलं, कॉकपिट उघडं होतं. २०१५ ला पोकोनोला जस्टिन विल्सनच्या डोक्यात दुसऱ्या गाडीचा नोजकोन (पुढचं टोक) बसला, तोही गेला. एरोस्क्रीन, म्हणजे कॉकपिटपुढची पारदर्शक ढाल, आलं २०२० ला. त्यानं डोकं वाचतं, खांब तिथंच आहेत. २०१८ ला पोकोनोलाच रॉबर्ट विकन्स जाळीत गेला आणि मणक्याला जबर मार बसला. २०१३ ला डेटोनाला काइल लार्सनच्या गाडीचा पुढचा भाग जाळीत फाटून निघाला, तुकडे प्रेक्षकांत, दोन डझनापेक्षा जास्त जखमी. २०२३ च्या इंडी ५०० ला कर्कवुडचं सुटलेलं चाक जाळीवरनं बाहेर जाऊन पार्किंगमधल्या गाडीवर पडलं, स्टँडमध्ये पडलं असतं तर काय झालं असतं विचार करा. माझं म्हणणं एवढंच, नवीन चॅसीवर जेवढा खर्च होतो त्यातला काही खांब जाळीच्या मागं नेण्यावर आणि पहिल्या रांगा मागं सरकवण्यावर करा.

पॅटर्नशॉप_उद्यमनगर
बाळू बरोबर बोललास. आणि स्पीडला मर्यादा घालायची हिंमत कुणी दाखवलीच नाही असंही नाही. एप्रिल २००१, टेक्सास, कार्ट (CART) सिरीज, म्हणजे इंडीकारसारख्याच गाड्यांची. २४ अंश बँकिंग, ताशी ३७० किमीच्या वर, वळणात ५ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ५ पट) पेक्षा जास्त जोर, आणि निम्म्याहून जास्त ड्रायव्हरांना चक्कर यायला लागली, काहींना गाडीतनं उतरल्यावर सरळ चालता येईना. रेसच्या दिवशी, सुरू व्हायच्या काही तास आधी त्यांनी रेसच रद्द केली, तिकिटं विकलेली असताना. नंतर ट्रॅकवाल्यांनी केस घातली तो भाग वेगळा, पण निर्णय डॉक्टरांचं ऐकून झाला.