सहावी ते आठवीच्या मुलांना कोणती पुस्तकं सुचवाल? (गोष्टींची आणि माहितीपर)

शाईचा_डाग
यंदा सहावी ते आठवीचे वाचनाचे तास माझ्या गळ्यात पडलेत. मी गणिताची बाई. स्वतः वाचते, पण या वयाला काय द्यावं ते सुचत नाही. परीकथा दिल्या तर 'आम्ही काय लहान आहोत का' असे चेहरे. जाड पुस्तक दाखवलं की पहिला प्रश्न, "बाई, पानं किती?" त्यात काही मुलगे गोष्टींकडे ढुंकूनही बघत नाहीत, त्यांना फक्त चित्रांचा ज्ञानकोश हवा. त्यांना गोष्टींकडे वळवायचं कसं? दोन्ही प्रकारांतली नावं सांगा. 'श्यामची आई' कपाटात आहे, ते सोडून.

कपाट_क्रमांक_सात
बाई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. त्या मुलांना वळवू नका. ज्ञानकोश चाळणारं पोरही वाचतच असतं, फक्त आपण त्याला वाचन म्हणत नाही.

शाळेच्या ग्रंथालयात उभी हयात गेली, त्यातली एक युक्ती सांगतो. पुस्तक मिटा आणि कडेने बघा. मुलांनी जिथवर वाचलंय तिथवर पानांच्या कडा मळलेल्या असतात, पुढे कोऱ्या करकरीत. आमच्याकडे एका थोर पुरुषाच्या चरित्राच्या सगळ्या प्रती पहिल्या प्रकरणाशीच थांबल्या होत्या. उघडून पाहिलं, तर पहिलं प्रकरण अख्खं वंशावळीचं! याउलट वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' (१९८१). तान्ह्या कार्व्हरला आईसकट पळवून नेतात, तो एका घोड्याच्या बदल्यात परत मिळतो, आई मात्र मिळत नाही. असं आयुष्य हातात आल्यावर सातवीचं पोर पानं मोजत नाही. त्या पुस्तकाच्या कडा शेवटपर्यंत काळ्या असत.

गोष्टींत सहावीसाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. काळ जुना आहे, पण बन्या संकटात उडी घेतो तो वेग जुना झालेला नाही. सातवीला सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा, अशोक जैनांनी मराठीत आणलेला. गोष्ट सांगणारा तोपसे वयाने यांच्याच आसपासचा, त्यामुळे मुलं त्याच्या शेजारी जाऊन बसतात. आठवीतल्या मुरलेल्या वाचकांना प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' द्या, पण सगळ्यांना नको. गोष्ट सांगणाऱ्या लंपनची बोली कानाला लागायला वेळ लागतो. पहिली दोन-तीन पानं तुम्ही मोठ्याने वाचा, मग पुस्तक हातात द्या.

भिंगवाला
कपाटदादांशी सहमत. माझी भर एवढीच, की गोष्ट आणि माहिती जोडीने द्या. ज्यूल व्हर्नची पृथ्वीच्या पोटातली सफर (मूळ १८६४ ची) वाचून झाली की कोणीतरी विचारतंच, "खरंच जाता येईल?" तेव्हा भूगर्भावरचं पुस्तक टेबलावर तयार हवं. माणसाने पाडलेलं सर्वांत खोल भोक रशियात कोला इथे, १२,२६२ मीटर. आणि केंद्र सुमारे ६,३७१ किलोमीटरवर! गणिताच्या बाईंनी त्याची टक्केवारी काढायला लावावी, पोरं हबकतात. ०.२ सुद्धा येत नाही.

तसंच जयंत नारळीकरांच्या 'यक्षांची देणगी'तल्या कथा आणि सोबत त्यांचंच 'आकाशाशी जडले नाते'. दुसरं सलग वाचायचं नाही, हवं ते प्रकरण उघडायचं. प्राणीवेड्यांना विलास मनोहरांचं 'नेगल'.

खिडकीजवळची_जागा
अ‍ॅन फ्रँकची डायरी अजून कोणी कशी सुचवली नाही? वही तिला तेराव्या वाढदिवसाला मिळाली, म्हणजे वय अगदी हेच.

कपाट_क्रमांक_सात
मुद्दाम थांबलो होतो. आठवीला द्या, सहावीला घाई नको. डायरी १ ऑगस्ट १९४४ ला मध्येच तुटते. शेवटच्या पानानंतर मुलं "मग पुढे?" म्हणून येतातच. तीनच दिवसांनी नाझींपासून लपलेली अ‍ॅन आणि तिच्या सोबतचे सगळे पकडले गेले, हे सांगायला आणि त्यानंतरचे प्रश्न झेलायला मोठं माणूस जवळ हवं. नुसतं घरी न्यायला देऊन मोकळं होऊ नये.

आईचा_आयडी
मी आठवीत आहे, आईच्या आयडीवरून लिहितेय. मागच्या पानावर 'संस्कारक्षम' लिहिलं असेल तर आम्ही ते पुस्तक परत ठेवतो. आणि प्लीज, आवडलं नाही तर अर्ध्यात सोडू द्या. आमच्या वर्गात सोडलं की कारण लिहून द्यावं लागतं, म्हणून सगळे पातळ पुस्तकच घेतात.

शाईचा_डाग
'संस्कारक्षम' वाचून मोठ्याने हसले. आमच्या कपाटातला निम्मा खण तोच आहे!
आज सगळ्या पुस्तकांच्या कडा बघून आले. सर्वांत मळकं पुस्तक सापडलं कीटकांचं, त्यातही मुंग्यांची पानं पार सुटून आलीत. मुंग्यांवर मराठीत अजून काही आहे का?

भिंगवाला
आधी त्या पानांना चिकटपट्टी लावा. मुंग्यांचं बघून उद्या लिहितो.