कारवान पिल्लाला पहिला पट्टा कुठला? शो लीड आठव्या आठवड्यापासून की नंतर?

माळरान

डॉग शोसाठी घेतलेल्या कारवान पिल्लाला पहिल्या दिवसापासून बारीक शो लीडच (पट्टा आणि दोरी एकत्र असलेली फाशाची बारीक दोरी) घाला, म्हणजे रिंगमध्ये, जजसमोर चालताना, त्रास होत नाही, हा सल्ला सर्रास ऐकू येतो. (मुधोळकडे ज्याला मुधोळ हाउंड म्हणतात तोच हा कुत्रा. केनेल क्लब ऑफ इंडियाकडे त्याची नोंद कारवान हाउंड म्हणून होते.) मला हा सल्ला चुकीचा वाटतो, आणि कारण या जातीच्या मानेत आहे.

कारवानचं डोकं अरुंद, मान लांब आणि कातडी पातळ. कानामागे मानेचा घेर आणि डोक्याचा घेर यांत फरक जवळजवळ नसतोच. त्यामुळे साधा बकलाचा पट्टा दोन बोटं जातील इतका सैल ठेवला की पिल्लू मागे सरकतं, मान खाली घालतं आणि पट्टा कानांवरून निसटून हातात येतो. निसटू नये म्हणून आवळला तर गळ्याला काच बसतो. यावर उपाय म्हणजे मार्टिंगेल: एक मोठा फासा मानेभोवती, एक छोटा फासा दोरीला. ओढ आली की तो ठरावीक मापापर्यंतच आवळतो.

माप घेताना दोन आकडे लिहून ठेवा. एक डोक्याच्या सगळ्यात रुंद भागाचा, दुसरा कानांच्या लगेच मागे मानेचा. पूर्ण उघडल्यावर पट्टा डोक्यावरून जायला हवा आणि पूर्ण आवळल्यावर मानेला नुसता टेकायला हवा. आवळलेल्या अवस्थेत दोन्ही बाजूंच्या कड्या एकमेकींना भिडल्या तर पट्टा मोठा आहे, तो निसटणारच. कड्यांमध्ये दोन बोटांचं अंतर राहिलं तर माप बरोबर.

रुंदी ८ ते १२ आठवड्यांच्या पिल्लाला दीड ते दोन सेंटीमीटर, चौथ्या महिन्यापासून तीन, मोठ्या कुत्र्याला चार ते पाच. तेवढ्याच ओढीला १ सेंटीमीटरच्या पट्टीखाली जो दाब पडतो, त्याचा चौथा हिस्सा ४ सेंटीमीटरखाली पडतो. शो लीड घालायचीच, पण पिल्लू रुंद पट्ट्यावर ढिल्या दोरीने चालायला शिकल्यानंतर, म्हणजे साधारण साडेतीन-चार महिन्यांपासून.

रिंगसाइड

मार्टिंगेलबद्दल पूर्ण सहमत, शो लीडच्या वेळेबद्दल अजिबात नाही.

रुंद पट्टा मानेच्या मध्यावर किंवा बुडाशी बसतो. तिथे खांद्यांची ताकद लावून ओढणं सोपं असतं आणि पिल्लू तेच शिकतं. शो लीड बसते अगदी वर, कानांच्या मागे आणि जबड्याच्या कोपऱ्याखाली. तिथली जाणीव वेगळी असते. चार महिने एक शिकवून मग दुसरं घातलं की पिल्लू डोकं झटकतं, पंजाने लीड काढायला बघतं, मान वाकडी करून चालतं. शोमधला मायनर पपीचा वर्ग ४ ते ६ महिन्यांचा. त्यात उतरायचं असेल तर चौथ्या महिन्यात नवीन वस्तू घालून चालणार नाही.

आठव्या आठवड्यापासून शो लीड रोज दोन मिनिटं, जेवणाच्या वाटीसमोर. ओढायचं शून्य. मग रुंदीचा आणि दाबाचा प्रश्नच येत नाही, कारण दाब पडतच नाही. चौथ्या महिन्यात तीच लीड पिल्लाच्या लेखी जुनी झालेली असते.

घाटवाट

दोघंही एक गोष्ट सोडताय. पिल्लाला शो लीडपेक्षा शोमधल्या माणसाची जास्त भीती वाटते. कारवान परक्याचा हात सहज सहन करणारा कुत्रा नाही. जज समोरून येतो, वाकतो, दात बघतो, खांदे चाचपतो, नराचे दोन्ही अंडकोष बघतो. नेमक्या त्या क्षणी घाबरलेला हँडलर (रिंगमध्ये कुत्रा धरून चालवणारा) लीड वर खेचतो. चार वेळा असं झालं की पिल्लाच्या डोक्यात हिशेब पक्का: माणूस वाकला की गळा आवळतो. पुढे दीड वर्षाचा झाल्यावर तोच कुत्रा जज दिसताच मागे सरकतो आणि सगळे म्हणतात, स्वभावच भित्रा.

म्हणून पट्टा कुठलाही असो, तपासणीच्या सरावात लीड ढिली. फासा मोकळा करून कानामागे नुसता ठेवायचा. हात हनुवटीखालून आणायचा, डोक्यावरून नाही. ओठ वर करून दात दाखवायचे, एक-दोन म्हणायचं आणि लगेच उकडलेल्या कलेजीचा वाटाण्याएवढा तुकडा. चौथ्या ते सातव्या महिन्यात दात पडतात आणि हिरड्या दुखतात. त्या काळात ओठ फक्त एक सेकंद उचलायचा, तोंड उघडायला लावायचं नाही.

कृष्णाकाठ

एवढा खटाटोप कशाला? बारीक सापचेन (ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी) घाला. रिंगमध्ये दिसत नाही, मानेची रेषा मोडत नाही, आणि कुत्रा एका झटक्यात सरळ होतो. मोठमोठे हँडलर चेनच वापरतात.

पशुसेवक

@कृष्णाकाठ, ते हँडलर ती चेन शिकवून तयार झालेल्या मोठ्या कुत्र्याला घालतात, आणि ढिली ठेवतात. तुम्ही बोलताय पिल्लाच्या झटक्याबद्दल. पिल्लाच्या श्वासनळीच्या कूर्चा मऊ असतात, आणि कारवानच्या गळ्यावर चरबी नाही, दाट केस नाहीत. साखळीचा झटका थेट नळीवर बसतो. खोकला, ओकारीसारखा आवाज आणि पाणी पिताना ठसका ही त्याची पहिली लक्षणं. ती दिसली की गळ्यात काहीही घालायचं नाही, आधी डॉक्टरांना दाखवायचं.

दुसरं, चेन उलटी घातली तर ओढ सोडल्यावरही ती सैल होत नाही. कुत्रा हँडलरच्या डाव्या हाताला असताना लीडला जोडलेलं टोक मानेच्या वरून यायला हवं. ते खालून येत असेल तर चेन अडकून राहते. निम्म्या लोकांना हे माहीत नसतं.

आणि ओढ फक्त गळ्यापुरती राहत नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात पट्ट्याने ओढताना कुत्र्यांच्या डोळ्यांतला दाब वाढलेला आढळला, हार्नेसने (गळ्याऐवजी छातीभोवती बसणाऱ्या पट्ट्याने) ओढताना वाढला नाही. म्हणून माझं मत या धाग्यात कुणाला आवडणार नाही: सहा महिन्यांपर्यंत फिरायला हार्नेस, आणि शो लीड फक्त सरावापुरती.

रिंगसाइड

@पशुसेवक, हार्नेसला माझा आक्षेप दोन कारणांनी. एक, छातीवर पट्टा आला की पिल्लू त्यात रेलून ओढायला शिकतं, बैलासारखं. दोन, कोपरामागे आणि काखेत पट्टी घासली की या जातीच्या आखूड केसांत टक्कल पडतं. ते भरायला आठवडे जातात आणि रिंगमध्ये लांबून दिसतं. खांद्यांवरून आडवी जाणारी पट्टी तर पुढचा पाय मोकळा टाकूच देत नाही, आणि शोमध्ये बघायचा असतो तोच पाय.

पशुसेवक

आडवी पट्टीवाला हार्नेस मीही सुचवत नाही. छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा येणारा, काखेपासून तीन बोटं मागे बसणारा, आतून मऊ कापड लावलेला घ्यायचा. फिरून आल्यावर काढायचा. दिवसभर अंगावर ठेवला तर घासणारच, मग दोष वस्तूला कशाला?

लांब दोरीच्या बाबतीत तर मी जराही मागे हटणार नाही. हा नजरेने शिकार करणारा कुत्रा आहे. मांजर पळालं की दोन ढांगांत पूर्ण वेग घेतो. १० मीटरची दोरी गळ्यातल्या पट्ट्याला बांधलेली असेल तर दोरीच्या टोकाला त्याची मान मोडू शकते. लांब दोरी हार्नेसलाच. आपोआप गुंडाळणारी लीड तर कुठेच नको. ती सतत थोडी ओढलेलीच असते, म्हणजे ओढलं की पुढे जायला मिळतं हेच ती शिकवते.

माळरान

लांब दोरीचा मुद्दा बिनशर्त मान्य, तो मूळ पोस्टमध्ये असायला हवा होता.

@रिंगसाइड, "ओढायचं शून्य" हे कागदावर बरोबर आहे. पण घरात पिल्लाच्या दोरीचं टोक चार जणांच्या हातात जातं. पाहुणे येतात, शेजारची मुलं येतात. बारीक लीड त्यांच्या हाती गेली की दाब पडतोच. रुंद पट्टा ही या चुकांची तरतूद आहे. तरी तुमची वाटीसमोरची दोन मिनिटं मला पटली, एका अटीवर: शो लीड घरातल्या एकाच माणसाच्या ताब्यात, वेगळ्या खुंटीला.

प्रत्यक्ष शिकवणीचा क्रम असा सुचवतो. पहिले तीन दिवस नुसता पट्टा, जेवताना आणि खेळताना दहा-दहा मिनिटं. पिल्लू खाजवेल, गोल फिरेल, तिकडे लक्ष द्यायचं नाही. मग मीटरभर हलकी सुती दोरी लावून ती घरभर फरफटू द्यायची. दोरीचं मुठीचं वळण कापून टाका, नाहीतर ते खुर्चीच्या पायात अडकतं आणि पहिला धडाच झटक्याचा होतो. नजर सतत हवी. चौथ्या-पाचव्या दिवसापासून टोक हातात घ्यायचं, पण पिल्लामागे आपण चालायचं.

नंतर खरा धडा. दोरी दोन बोटांत धरून अगदी हलका ताण द्यायचा आणि तसंच थांबायचं. पिल्लाने ताणाच्या दिशेने एक पाऊल टाकलं, नुसतं अंग कललं तरी, त्याच क्षणी दोरी ढिली आणि खाऊ. बहुतेकांचं चुकतं ते इथे: पाऊल पडल्यावरही ताण एखादा सेकंद राहतो, म्हणजे पिल्लाच्या बाजूने येण्याचा काही फायदाच झाला नाही. पिल्लाने चारही पाय रोवले तर ओढायचं नाही. त्याच्याकडे तोंड करून उभं राहायचं नाही. बाजूला वळून उकिडवं बसायचं, ते आपणहून येतं. एका वेळी तीन मिनिटं, दिवसात तीन-चारदा, जेवणाआधी.

घाटवाट

यात जागेचं लिहा. गुळगुळीत फरशीवर चालीचा सराव अजिबात नको. पाय सरकतो म्हणून पिल्लू आखूड पावलं टाकतं, मागचे पाय फाकवतं, आणि तीच सवय लागते. खरबरीत गच्ची, माती किंवा आखूड गवत हवं. लसीचा शेवटचा डोस १६ आठवड्यांच्या आसपास होतो. तोवर जिथे बाहेरची कुत्री येतात अशा मैदानात उतरवू नका, पार्व्हो (पिल्लांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) मातीतूनही लागतो. पण लोक, आवाज, छत्री, भोंगा यांची ओळख याच वयात व्हायला हवी, तेव्हा कडेवर घेऊन फिरवा.

कृष्णाकाठ

पिल्लाला चेन नको, हे मान्य करतो. पण मग एक सांगा. दीड वर्षाचा कुत्रा रिंगमध्ये मान खाली घालून वास घेत चालतो. तिथे लीड वर घेतल्याशिवाय मान उचलणार कशी?

रिंगसाइड

लीड वर ताणून मान उचलली की पुढच्या पायांवरचं वजन कमी होतं. पाय जमिनीवर नीट टेकत नाहीत, आत-बाहेर पडतात, आणि चांगल्या खांद्यांचा कुत्राही समोरून येताना वाईट दिसतो. जजला हे लगेच कळतं. शिवाय कारवानची चाल मोकळ्या लीडवरच खुलते.

वास घेण्याची सवय लागते ती खाऊ जमिनीवर टाकल्यामुळे. सरावात खाऊ कधी खाली टाकायचा नाही, पडला तर आपण उचलायचा. हात कमरेच्या उंचीला, पिल्लाच्या नाकापुढे नाही, थोडा बाहेर. जास्त वर धरला तर ते मान मागे टाकून उड्या मारत चालतं. चार-पाच पावलं डोकं वर राहिलं की "हो" म्हणून खाऊ. आधी सरळ जाऊन परत, मग गोल. रिंगमध्ये गोल फिरताना कुत्रा आपल्या डाव्या हाताला, जजच्या बाजूला असतो. पण घरी दोन्ही हातांवर सराव करा, नाहीतर मान कायम एकीकडे वळलेली राहते.

वेगही बघा. फार हळू चाललात तर एका बाजूचे दोन्ही पाय बरोबर पडतात, आणि एकदा ती लय लागली की मोडायला कठीण. तशी चाल दिसली की थांबा, अर्धवर्तुळ घेऊन वळा आणि वेगाने सुरुवात करा, दुडकी पकडली जाते.

आणि थांबल्यावर "बस" नाही. थांबणं म्हणजे उभं राहणं. "बस" शिकवायचंच असेल तर रुंद पट्ट्यावर शिकवा, शो लीडवर नको. इथे मात्र @माळरान यांचे दोन वेगळे पट्टे कामाला येतात हे कबूल. गळ्यात काय आहे यावरून पिल्लाला कळतं की आता कुठलं काम.

पशुसेवक

खरेदीचं थोडं. नायलॉनची कड नखाने घासून बघा. पांढरी रेघ उमटली तर कड धारदार आहे, मानेचे केस कापेल. परदेशी लोक सुचवतात तो गोल वळलेला चामड्याचा पट्टा लांब केसांच्या जातींसाठी असतो, म्हणजे केस तुटत नाहीत. कारवानच्या उघड्या मानेवर तोच दाब एका रेषेत रुतवतो. पावसाळ्यात चामडं ओलं राहिलं की बुरशी धरतं आणि आकसतं, तेव्हा जून ते सप्टेंबर कापडी पट्टाच वापरा. कडी पितळी किंवा स्टीलची हवी. मुलामा दिलेली लोखंडी कडी गंजून फिक्या रंगाच्या कुत्र्याच्या मानेवर तपकिरी डाग पाडते. शो लीडवरचा सरकता मणी घट्ट बसतो का ते दुकानातच तपासा. मणी ढिला असेल तर फासा चालता चालता उघडून मानेच्या बुडाशी येतो.

मार्टिंगेल रात्री आणि पिंजऱ्यात काढून ठेवायचा. छोटा फासा जाळीत अडकला की पिल्लू ओढतं, आणि तो आवळत जातो.

माळरान

पट्ट्याचं माप दर आठवड्याला, वार ठरवून तपासा. सहा महिन्यांपर्यंत किमान तीन पट्टे लागतात. पहिल्यावरच महागडं चामडं घेऊ नका.

एवढं ऐकूनही शो लीड दहाव्या आठवड्याच्या आत सुरू करावी हे मला मान्य नाही. आधी रुंद पट्ट्यावरचा ढिल्या दोरीचा धडा पक्का, मग वाटीसमोरची दोन मिनिटं.

रिंगसाइड

आणि मी आठव्यावर ठाम आहे. फक्त ज्यांना पहिला शो ४ महिन्यांनाच करायचा नाही, सहाव्या महिन्यानंतर उतरायचं आहे, त्यांच्यासाठी हे दोन आठवडे इकडे-तिकडे झाले तरी काही बिघडत नाही. त्यांनी @घाटवाट यांचा हनुवटीखालचा हात आजपासून सुरू करावा. त्याला पट्टाही लागत नाही.