मदत हवी आहे: कॉकपिटमधलं बटण कोणतं आणि नुसता दिवा कोणता?

नमस्कार मंडळी. घरच्या विमान-सिम्युलेटरसाठी मी प्लायवूडवर ओव्हरहेड पॅनल (वैमानिकाच्या डोक्यावरचा बटणं-दिव्यांचा फलक) उभं करतोय. फोटो बघून मोजमापं घेतली, पण एका ठिकाणी अडलोय.

बोइंग ७३७ मध्ये इंधन पंपाचं कळतं: खटक्याचा स्विच वेगळा, आणि दाब कमी झाला की पेटणारा पिवळसर दिवा वेगळा. एअरबस ए३२० मध्ये मात्र चौकोनी बटणातच दिवे असतात. वरच्या अर्ध्या भागात पिवळसर ‘फॉल्ट’, खाली पांढरं ‘ऑफ’. सगळं सुरळीत असताना बहुतेक बटणं काळीच राहतात, त्यामुळे फोटोत काहीच उमगत नाही.

त्यात ७३७ चा ‘मास्टर कॉशन’ (कुठेतरी बिघाड आहे हे सांगणारा मुख्य इशारा) दिसतो दिव्यासारखा, पण तो दाबताही येतो! मग असे आणखी किती असतील?

दाबता येणारा दिवा नुसत्या फोटोवरून ओळखायची काही खूण आहे का? भोवतालची चौकट, उंची, झाकण? विमानाची देखभाल करणारं किंवा उडवणारं कुणी इथे असेल तर कृपया सांगा. भोकं पाडायच्या आधी हे नक्की व्हायला हवं.